राजीनामा त्यांचा, मत आपले



या सदरात आम्ही सहसा घरातल्याच गोष्टी लिहितो. मुलांच्या परीक्षा, लग्नातला वायफळ खर्च, विडी कामगार बायांच्या फंडाचे कागद. राजकारण पहिल्या पानावर असते आणि तिथे लिहिणारे आमच्यापेक्षा जाणते आहेत. पण अलीकडे एकच प्रश्न बुधवार पेठेत, रेल्वे लाईन्समध्ये आणि विडी घरकुलात अशा तीन निराळ्या ठिकाणी कानावर आला, तेव्हा त्याला उत्तर देणे भाग झाले. प्रश्न असा की, ज्याला आपण निवडून देतो तो मध्येच राजीनामा देऊन मोकळा होतो, नाहीतर त्याला खाली ओढतात, मग मत द्यायचेच कशाला?

विचारणाऱ्यांपैकी एक मुलगा नुकताच अठरा पूर्ण झालेला. मतदार यादीत नाव घालायचा नमुना ६ भरायला तो तयार नाही. शिकलेला आहे, वाया गेलेला नाही. त्याची आई विड्या वळते. ती म्हणाली, "गुरुजी, कारखान्यात छाट काढतात तेव्हा चार शब्द बोलतात, पण सांगतात तरी की पान कच्चं होतं, तंबाखू कमी पडला. आमचं मत छाटात गेलं तर का गेलं ते कोण सांगतं का?"

मुलाच्या रागापेक्षा आईचा प्रश्न आम्हाला अधिक टोचला. मत वाया गेले याचे दुःख आहेच, पण ते का गेले याचा हिशेब कोणी देत नाही, हे तिचे खरे गाऱ्हाणे आहे. तेव्हा हिशेब मांडूया. त्यासाठी थोडे मागे, १९९० सालात जावे लागेल. आज चाळिशीच्या आत असलेल्यांना ते साल आठवणार नाही. त्यांच्या आई-वडिलांना मात्र पक्के आठवते.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले. काँग्रेसचे १९७ खासदार निवडून आले होते, तरी बहुमत नव्हते. सिंगांच्या जनता दलाचे १४३. म्हणजे त्यांचेही स्वतःचे बहुमत नव्हतेच. एका बाजूने भारतीय जनता पक्षाच्या ८५ खासदारांचा आणि दुसऱ्या बाजूने डाव्या पक्षांचा बाहेरून टेकू होता. दोन टोकांच्या दोन काठ्यांवर घातलेला मांडव तो. किती दिवस टिकणार, हे दिल्लीतल्या शहाण्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. आपल्या वस्तीत मात्र कोणी ते गणित करत बसले नाही. कारण त्या माणसाने पहिल्या काही महिन्यांतच अशी कामे केली की, जी व्हावीत म्हणून आपले लोक वर्षानुवर्षे मोर्चे काढत होते.

एप्रिल १९९० मध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. ज्यांनी घटना लिहिली त्यांचे चित्र त्या भिंतीवर लागायला स्वातंत्र्यानंतर बेचाळीस वर्षे जावी लागली, हे लक्षात ठेवा. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. माईसाहेबांनी ते राष्ट्रपती वेंकटरमण यांच्या हातून स्वीकारले. जन्मशताब्दीचे वर्ष सामाजिक न्यायाचे वर्ष म्हणून पाळायचे ठरले. सोलापुरात तेव्हा लक्ष्मी-विष्णू मिल चालू होती, पाळ्या होत्या, पगार होते. त्या वर्षीच्या जयंतीत लोकांचा उत्साह काही निराळाच होता. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही.

पण चित्र आणि पदक यांच्याइतका गाजावाजा ज्याचा झाला नाही असे एक काम त्याच वर्षी झाले. त्याकडे आपण पुढे वळू. तेच आजच्या लेखाचे खरे कारण आहे.

७ ऑगस्ट १९९० रोजी सिंगांनी मंडल आयोगाची शिफारस अंमलात आणण्याची घोषणा केली. इतर मागासवर्गीयांना केंद्राच्या नोकऱ्यांत २७ टक्के जागा. हा अहवाल १९८० च्या अखेरीपासून दिल्लीत धूळ खात पडला होता. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. उत्तरेत शहरे पेटली, कोवळ्या मुलांनी अंगावर रॉकेल ओतून घेतले. विरोधी पक्षनेते राजीव गांधी यांनी लोकसभेत त्या निर्णयाविरुद्ध लांबलचक भाषण केले. २५ सप्टेंबरला सोमनाथहून अडवाणींची रथयात्रा निघाली. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने मंडलच्या आदेशाला स्थगिती दिली. २३ ऑक्टोबरला बिहारमध्ये समस्तीपूर येथे अडवाणींना अटक झाली आणि त्याबरोबर भाजपने पाठिंबा काढला. मांडवाची एक काठी निघाली.

आता इथे एक गोष्ट नीट पाहा. सिंगांना त्याच दिवशी राजीनामा देता आला असता. तसे न करता ते सभागृहासमोर गेले. ७ नोव्हेंबर १९९० रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर दिवसभर चर्चा झाली आणि रात्री मतदान झाले. बाजूने १४२, विरोधात ३४६. काँग्रेस आणि भाजप, जे एरव्ही एकमेकांचे तोंड पाहत नव्हते, त्या रात्री एकाच बाजूला होते. त्यांच्याबरोबर जनता दलातूनच फुटलेला चंद्रशेखर यांचा गट होता. मग सिंगांनी राजीनामा दिला.

तेव्हा टीव्हीवर लोकसभेचे काम थेट दिसत नसे. रेडिओच्या बातम्या ऐकायच्या आणि सकाळी वर्तमानपत्र बघायचे. दुसऱ्या दिवशी वस्तीत एखाद्या घरचे माणूस गेल्यासारखी शांतता होती. विशेष म्हणजे सोलापुरात जनता दलाचा कार्यकर्ता शोधूनही सापडला नसता. इथले खासदार काँग्रेसचे धर्मण्णा सादूल होते, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी १९८९ मध्ये हातावरच शिक्का मारला होता, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. म्हणजे ज्याच्यासाठी आपण हळहळलो त्याला आपण मत दिले नव्हते, आणि ज्या पक्षाला मत दिले त्याने त्याला पाडले. आपल्या राजकारणाचा गुंता तो हाच. कोणाला मत द्यायचे ते आपण एका हिशेबाने ठरवतो, कोणावर जीव लावायचा ते दुसऱ्या.

पुढचे दहा वर्षांचे वाचन करताना आजही कंटाळा येतो, म्हणून चटकन उरकतो. चंद्रशेखर साठेक खासदारांच्या बळावर आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई राजीव गांधींच्या घरावर पाळत ठेवताना सापडले, या कारणावरून बिनसले आणि ६ मार्च १९९१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. मग १९९१ ची निवडणूक आणि नरसिंह राव. १९९६ मध्ये वाजपेयींचे तेरा दिवस. मग देवेगौडा, मग गुजराल, मग पुन्हा वाजपेयी. १७ एप्रिल १९९९ रोजी त्यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. १९८९ ते १९९९ या काळात लोकसभेच्या पाच निवडणुका झाल्या. प्रत्येक वेळी बोटाला शाई, रांग, रोजंदारी बुडालेला दिवस. आणि याच दहा वर्षांत इकडे लक्ष्मी-विष्णूचा भोंगा कायमचा थांबला. हजारो घरांची चूल थंडावली. दिल्लीत कोण आला कोण गेला याकडे पाहण्याचे बळ त्या घरांत उरले नव्हते. त्या काळात ज्यांनी राजकारणाचे नाव टाकले, त्यांना आम्ही दोष देणार नाही.

आता ते न गाजलेले काम.

१९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची यादी काढली, तेव्हा त्यात एक कलम असे होते की, हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजू नये. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लाखो लोक एका दिवसात या यादीबाहेर पडले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या. पण केंद्राच्या नोकऱ्यांत, रेल्वेत, पोस्टात, राष्ट्रीयीकृत बँकांत, बौद्ध म्हणून नोंद असेल तर राखीव जागा मिळत नसे. सोलापूर हे रेल्वेचे विभागीय ठिकाण. म्हणजे आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर रोज सकाळ-संध्याकाळ ज्या नोकऱ्या दिसत, त्याच हातच्या जात होत्या. घराघरांत काय चाले ते वडीलधाऱ्यांना माहीत आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, ओठांवर त्रिशरण, आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. नोंद बदलली तर पोटाला चिमटा, न बदलली तर मनाला.

ही अडचण नोकरीपुरती नव्हती. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव जागेवरून डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली होती, म्हणून त्यांची निवड कोर्टात आव्हान देऊन रद्द करवण्यात आली. पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला, त्याने दीक्षा घेतली एवढ्यावरून जागा सोडावी लागली.

१९९० साली संसदेने कायदा करून त्या जुन्या आदेशात 'हिंदू, शीख' यांच्यापुढे 'बौद्ध' हा शब्द घातला. एवढेच. एक शब्द. त्यासाठी चौतीस वर्षे लागली. सरकार पडले, पंतप्रधान गेला, पक्षाचे तुकडे झाले, आज तो पक्ष शोधायला गेलात तर नुसती नावेच सापडतील. पण तो शब्द कोणी काढू शकले नाही. आज ज्या घरात रेल्वेचा, आयुर्विम्याचा, बँकेचा पगार येतो आणि दाखल्यावर ताठ मानेने बौद्ध लिहिलेले असते, त्या घराच्या पायात तो शब्द आहे. २०१९ मध्ये सोलापूर या राखीव मतदारसंघातून अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या अर्जावर धर्मावरून कोणाला बोट ठेवता आले नाही, तेही त्यामुळेच.

मंडलचेही तसेच. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २७ टक्के मान्य केले. तेव्हा सिंगांच्या हातात काही उरले नव्हते, पण आदेश उरला होता. याउलट त्या अकरा महिन्यांत केलेल्या ज्या घोषणा कागदावर आल्या नाहीत, त्या सरकारबरोबर गेल्या. विडी वळणाऱ्या त्या माउलीला आमचे पहिले उत्तर हे की, तुमच्या मताचे काय झाले ते बघायचे असेल तर कोण गादीवर बसला आणि कोण उतरला एवढेच बघू नका. गादीवर असताना त्याने कायद्याच्या पुस्तकात काय लिहून ठेवले ते बघा. छाट तिथे कळते.

हे आम्ही आमच्या डोक्याने सांगत नाही. राजीनाम्याचा विषय निघाला की बाबासाहेबांचा राजीनामा आठवल्याशिवाय राहत नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिलाची मोजकी कलमे मंजूर होऊन बिल गुंडाळले गेले, हे त्यांच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण. दलितांच्या प्रश्नाबद्दलची सरकारची बेफिकिरी, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळात आपल्याला महत्त्वाच्या कामापासून दूर ठेवणे ही इतर कारणेही त्यांनी सांगितली. ऑक्टोबरमध्ये संसदेत निवेदन करायला ते उभे राहिले तेव्हा आधी प्रत द्या असा आग्रह झाला. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडे दिले. सत्ता गेली तरी चालेल, पण का सोडली ते लोकांना कळले पाहिजे, हा त्यांचा बाणा. ते निवेदन आजही छापील मिळते. प्रत्येक घरात एकदा मोठ्याने वाचावे असे आहे.

आणि मग १९५२ ची पहिली निवडणूक आली. उत्तर मुंबईतून बाबासाहेब हरले. ज्याने प्रत्येक प्रौढ माणसाला मताचा हक्क घटनेत लिहून दिला, तो त्या हक्काच्या पहिल्याच वापरात पडला. १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडला. निराशा म्हणायची तर ती. आजच्या आपल्या वैतागाला तिच्यापुढे काय तोंड आहे? तरी १९५५-५६ मध्ये हिंदू विवाह, वारसा, दत्तक हे कायदे तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालेच. बिल त्यांच्या हातून काढून घेतले होते. काम त्यांचेच होते.

त्याच १९५२ मध्ये सोलापुराने काय केले हे मात्र आपल्याच मुलांना कोणी सांगत नाही. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे सबंध देशातून लोकसभेवर दोनच खासदार निवडून आले. त्यांतले एक सोलापूरचे, पां. ना. राजभोज. दुसरे हैदराबाद राज्यातल्या करीमनगरहून. म्हणजे मुंबईत बाबासाहेब पडत असताना बाबासाहेबांच्या पक्षाचा झेंडा लोकसभेत नेला तो इथल्या गिरणी कामगारांनी, विडी कामगारांनी आणि खेड्यापाड्यांतल्या महार-मांगांनी. अभिमान वाटावा असेच आहे. आता पुढचेही सांगितले पाहिजे. हेच राजभोज नंतर काँग्रेसमध्ये गेले. पहिलाच खासदार, आणि त्यानेच पक्ष बदलला. तेव्हा पक्षांतराला कायदा नव्हता. तो १९८५ साली झाला, आणि त्यातही एक तृतीयांश खासदार फुटले तर चालेल अशी पळवाट ठेवली होती. चंद्रशेखर त्याच वाटेने गेले. ती पळवाट २००३ मध्ये बंद झाली. मग लोकांनी दुसऱ्या शोधल्या.

इथे सोलापूरकराला आणखी एक जखम आठवेल. सुशीलकुमार शिंदे. सोलापूरच्या कोर्टातला पट्टेवाला, मग फौजदार, मग आमदार, मंत्री, आणि जानेवारी २००३ मध्ये विलासरावांच्या जागी महाराष्ट्राचा मुख्यमंत्री, त्या पदावर बसलेला पहिला दलित माणूस. त्यासाठी त्यांनी सोलापूरची खासदारकी सोडली, आणि पोटनिवडणुकीत ती जागा भाजपने घेतली. ऑक्टोबर २००४ ची विधानसभा निवडणूक काँग्रेस आणि राष्ट्रवादीने त्यांच्याच नेतृत्वाखाली लढवली. राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. सत्ता राहिली. मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले. पण शिंदे राहिले नाहीत! १ नोव्हेंबरला विलासरावांनी पुन्हा शपथ घेतली आणि शिंदे आंध्र प्रदेशाचे राज्यपाल म्हणून हैदराबादला गेले. निवडणूक जिंकून दिलेल्या माणसाचा राजीनामा. त्याचे कारण सोलापूरच्या मतदाराला आजतागायत कोणी सांगितलेले नाही. त्यांच्या राजकारणाशी आमचे मतभेद पुष्कळ आहेत आणि ते या पानांवर वेळोवेळी आलेही आहेत. पण हा प्रश्न शिंदे यांचा नाही. दिल्लीत बंद खोलीत ठरते, आणि मत देणाऱ्याला ते वर्तमानपत्रातून कळते, ही रीत आहे. तिचा राग आला पाहिजे.

याच मुद्द्यावर २०२२ ची गोष्ट. शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर सुरतेला, तिथून गुवाहाटीला गेले. राज्यपालांनी ३० जून रोजी बहुमत सिद्ध करायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुकवरून बोलत मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. तेव्हा पुष्कळांना तो दिलदारपणा वाटला. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाचा निकाल आला. राज्यपालांचे बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते असे न्यायालयाने म्हटले. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून राजीनामा दिला, त्यामुळे पूर्वीची स्थिती परत आणता येत नाही, असेही म्हटले.

हा निकाल वाचताना आम्हाला ७ नोव्हेंबर १९९० ची रात्र पुन्हा दिसली. सिंगांना आकडे ठाऊक होते. हरणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. तरी त्यांनी सभागृहात मतदान होऊ दिले, म्हणून आज चौदा कोटींचा बंगला असलेला आणि तुमच्या दारी हात जोडून आलेला कोणताही माणूस 'आम्ही मंडलच्या बाजूने होतो' असे म्हणाला, तर पक्ष कोणत्या बाजूला होता ते तुम्ही दाखवू शकता. १४२ आणि ३४६, दोन्हींची नोंद आहे. राजीनामा आधीच देऊन टाकला की ती नोंदच होत नाही. कोण फुटला, कोण राहिला, कोणी कोणाला विकले, सगळे अफवांत जाते. म्हणून आमचे मत असे की, नेत्याला जायचेच असेल तर त्याने मतदान करवून जावे. त्यागाचे भाषण करून गेलेला नेता आपल्या डोळ्यांत पाणी आणतो खरा, पण आपल्या हातात कागद ठेवत नाही.

आता आपल्या घरात डोकावू. ते न करता दुसऱ्यांची उणीदुणी काढणे आम्हाला जमणार नाही. १९९८ मध्ये रिपब्लिकन गट एकत्र आले आणि महाराष्ट्रातून चार खासदार निवडून गेले. प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे. चौघेही खुल्या जागांवरून. वस्त्यांत दिवाळी झाली होती. तेरा महिन्यांत लोकसभा बरखास्त झाली, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत ऐक्यही राहिले नाही. १९९९ मध्ये आठवले आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूर राखीव मतदारसंघातून आले, आंबेडकर अकोल्यातून, बाकी दोघे नाही. सरकार वाजपेयींचे एका मताने पडले, ते दिल्लीतल्या लोकांनी पाडले. आपले ऐक्य कोणी पाडले? त्याचे मतदान झाले नाही, त्याची नोंदही नाही. कोणत्या गटाने कोणत्या बैठकीत काय म्हटले ते विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट करतो.

२०१९ ला सोलापुरात पुन्हा तेच दुखणे निघाले. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी सुमारे १ लाख ५८ हजारांच्या फरकाने जिंकले आणि प्रकाश आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार मते पडली. एका घरात दोन भाऊ महिनाभर बोलत नव्हते, असे आम्ही पाहिले आहे. एक म्हणे तू मते फोडलीस, दुसरा म्हणे आपली मते ही कोणाच्या बापाची जहागीर आहे का. आम्हाला विचाराल तर दुसऱ्या भावाचा प्रश्न बिनतोड आहे आणि पहिल्याचे दुःखही खोटे नाही. २०२४ मध्ये प्रणिती शिंदे निवडून आल्या, तेव्हा ते भाऊ एकत्र मतदानाला गेले. कोणाला दिले ते आम्ही विचारले नाही.

विश्वनाथ प्रताप सिंगांचे पुढे काय झाले हे मुलांनी विचारले तर सांगा. १९९६ मध्ये त्यांच्याकडे पंतप्रधानपद पुन्हा चालून आले होते, त्यांनी ते घेतले नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने आणि कर्करोगाने वर्षानुवर्षे आजारी होते. २७ नोव्हेंबर २००८ रोजी वारले. आदल्या रात्री मुंबईवर हल्ला झाला होता, सगळा देश ताज हॉटेलच्या धुराकडे बघत होता. एका माजी पंतप्रधानाच्या मृत्यूची बातमी कोपऱ्यात गेली. सवर्ण वर्तमानपत्रांनी त्यांना कधी क्षमा केली नाहीच, पण ज्यांच्यासाठी त्यांनी ते केले त्यांनीही फार शोक केला असे नाही. सोलापुरात त्या आठवड्यात किती विहारांत त्यांना श्रद्धांजली वाहिली गेली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

त्या अठरा वर्षांच्या मुलाला आम्ही एवढेच म्हटले की, बाबा रे, तुझा राग बरोबर आहे, पण तो अर्धवट आहे. नमुना ६ न भरल्याने दिल्लीतल्या कोणाचीही झोप उडणार नाही. झोप उडेल ती, तू उमेदवाराला भर सभेत विचारलेस की, मागच्या पाच वर्षांत कोणत्या ठरावाला तुम्ही हो म्हटले आणि कोणत्याला नाही. याला तो "बघू" म्हणाला. हल्लीच्या मुलांचे "बघू" हे पूर्वीच्या "हो" आणि "नाही" यांच्या मधले काहीतरी असते.

जाता जाता एक विनंती. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध म्हणून केंद्राच्या नोकरीत राखीव जागेवर लागलेले पहिल्या काही वर्षांतले लोक सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट भागात असतील. काही आता सेवानिवृत्त झाले असतील. आपल्या घरात असे कोणी असेल तर कोणत्या खात्यात, कोणत्या साली लागलात आणि दाखल्यावर बौद्ध लिहिलेले पाहून साहेब काय म्हणाला, ते पोस्टकार्डावर चार ओळींत कळवा. आई-वडिलांना लिहिता येत नसेल तर मुलांनी त्यांना विचारून लिहावे. आलेली पत्रे याच सदरात क्रमाने देऊ.